परिक्रमेची पूर्वतयारी
(आपल्या मंडळाच्या अकोला येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील नऊ मंडळींनी येत्या कार्तिकात पायी नर्मदा परिक्रमेस निघण्याचा संकल्प केला आहे, ही आपणां सर्वांस आनंदाची वार्ता आहे. त्यांतील सहा जण साठीच्या पलीकडचे आहेत. त्यांच्यासाठी पूर्वतयारीविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली. आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षक झालेले व जन्मभर अचलपूर तालुक्यातील एका शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविलेले गृहस्थ आहोत. अध्यात्माचे विवेचन करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु या वाटेवर आम्ही एकदा सपशेल नापास झालो आणि पुढे तीन हिवाळ्यांत मिळून कसेबसे उत्तीर्ण झालो. नापास झालेल्या विद्यार्थ्यास पेपर कोठे अवघड होता हे पक्के ठाऊक असते, एवढ्याच बळावर आम्ही येथे उभे आहोत.

प्रथम वाटेचे स्वरूप ध्यानी घ्यावे. अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर आहे. दोन्ही तीरांची वाट, तीतील वळसे धरून, अडीच हजार किलोमीटरांहून अधिक भरते. नदी सदैव उजव्या हातास ठेवावयाची आणि समुद्रसंगमाखेरीज तिचे पात्र कोठेही ओलांडावयाचे नाही, हा मुख्य नियम होय. ओंकारेश्वरी दक्षिण तीरावरील गोमुख घाटावर संकल्प सोडून पश्चिमेस निघावे, विमलेश्वराकडून नावेने समुद्रमुख ओलांडून उत्तर तीरावर मिठीतलाईस उतरावे, तेथून पूर्वेस अमरकंटक गाठावे आणि दक्षिण तीराने पुन्हा ओंकारेश्वरी यावे, असा सामान्य क्रम आहे. शास्त्रोक्त परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस सांगितले आहेत. आजचे पदयात्री बहुधा चार ते पाच महिन्यांत ती पुरी करतात. चातुर्मासात चालावयाचे नसल्याने कार्तिकी एकादशीनंतरच लोक निघतात.

आपल्या वऱ्हाडाचा या वाटेशी संबंध जुना आहे. मेळघाटाचे डोंगर चढून तापीचे खोरे ओलांडले आणि सातपुड्याची पुढची रांग उतरली की नर्मदाच लागते. अकोल्याहून अकोट, वान रोड, धूळघाट या मार्गाने खंडव्यास जाणारी मीटरगेजची गाडी आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. धूळघाटाजवळ तिचे रूळ वेटोळे घेऊन स्वतःच्याच वरून जात, तेव्हा मुले खिडकीशी गर्दी करीत. रुंदीकरणासाठी २०१७ साली ती वाट बंद झाली, आणि तेव्हापासून आम्ही भुसावळमार्गे खंडव्यास जाऊ लागलो. ज्यांच्या भ्रमणगाथेने मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांस नर्मदेची ओढ लावली, ते गो. नी. दांडेकर १९१६ साली आपल्या परतवाड्यासच जन्मले, हेही येथे सांगावेसे वाटते.

आता आमच्या नापासाची हकीकत. आम्ही २०१८ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त झालो आणि त्याच नोव्हेंबरात परिक्रमेस निघालो. निघण्यापूर्वी आमचा सत्कार झाला. शाल व श्रीफळ मिळाले, सुवासिनींनी ओवाळले, आप्तांनी पायांवर डोके ठेवले, तीन वक्त्यांनी आमच्या निर्धाराची वाखाणणी केली. बडनेऱ्याच्या फलाटावर गळ्यात इतके हार होते की खाली पाहिले तर पाय दिसत नव्हते. पुढे जे घडले त्याची सुरुवात तेथेच झाली, असे आज आम्हांस वाटते.

आमच्या पाठीवरील ओझे चौदा किलो होते. त्यात पितळी स्टोव्ह, दोन ग्रंथ, पाच जोड कपडे, चादर-सतरंजी, मोठी विजेरी, आणि नातलगांनी प्रेमाने दिलेले लाडू व चिवडा होता. पायांत नवे कोरे बूट होते, सत्कारातच मिळालेले. याहून मोठी गोष्ट म्हणजे आम्हांस सहा वर्षांपासून मधुमेह होता आणि तो सोबत्यांपैकी कोणासही ठाऊक नव्हता. आमच्या सौभाग्यवतींस ठाऊक होता, परंतु वाटेत गोळ्या वेळेवर घेऊ, एवढे सांगून आम्ही त्यांचे तोंड बंद केले होते. वैद्यांस तर आम्ही विचारलेच नाही, कारण त्यांचे उत्तर आम्हांस ठाऊक होते.

तिसऱ्या दिवशी उजव्या पायाच्या करंगळीपाशी फोड आला. चौथ्या दिवशी रावेरखेडीस पोहोचलो. श्रीमंत बाजीराव पेशव्यांनी २८ एप्रिल १७४० रोजी जेथे देह ठेवला ते हे स्थळ. समाधीपाशी बसून बूट काढला तो मोजा रक्ताने चिकटलेला. सोबत्यांनी पाहू नये म्हणून आम्ही बूट पुन्हा चढविला. परतावे असे मनात आले नाही असे नाही. परंतु लगेच शाल, श्रीफळ आणि तीन वक्ते डोळ्यांपुढे उभे राहिले. चार दिवसांत परत गेलो तर फलाटावर काय सांगावयाचे? या एका प्रश्नाने आम्हांस आणखी दोन दिवस चालविले.

सहाव्या दिवशी सायंकाळी एका शेतातील खोपटापुढे आम्ही ताप भरून पडलो. तेथील म्हाताऱ्या बाईने न विचारता बूट उतरविला, पाय कोमट पाण्याने धुतला आणि आपल्या मुलास सांगितले की, या बाबांना आत्ताच्या आत्ता सनावदला ने. त्या मुलाने रात्री मोटारसायकलवर नेले. तेथून खंडवा आणि खंडव्याहून घर. अमरावतीच्या रुग्णालयात सोळा दिवस काढले. बोट काढावे लागेल असे पहिले पाच दिवस डॉक्टर म्हणत होते. सुदैवाने बोट राहिले. सौभाग्यवतींनी त्या सोळा दिवसांत आम्हांस एकच वाक्य ऐकविले, “मला सांगितले असतेत तर मी अडवले नसते, बरोबर आले असते.” इतर काही त्या बोलल्या नाहीत, आणि बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

बंधुभगिनींनो, ही हकीकत सांगण्याचा हेतू इतकाच की, तयारी म्हणजे सामानाची यादी, अशी जी आपली समजूत असते ती अपुरी आहे. आता आम्ही दुसऱ्या वेळी काय केले ते क्रमाने सांगतो.

पहिली तयारी देहाची. निघण्यापूर्वी किमान सहा महिने डॉक्टरांपुढे बसावे आणि काहीही लपवू नये. रक्तदाब, साखर, हृदय, डोळे व दात तपासून घ्यावेत. मधुमेही माणसाने हे विशेष जाणावे की दिवसभर चालण्याने रक्तातील साखर उतरते. म्हणून गोळ्यांचे वा इन्सुलिनचे प्रमाण डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावे, खिशात गुळाचा खडा वा साखर बाळगावी, आणि वाटेत उपवास धरू नये. आमच्यासारख्यास एकादशी मोडणे जड गेले. परंतु चक्कर येऊन दगडावर पडण्यापेक्षा ते बरे. रोज सायंकाळी तळव्याखाली लहान आरसा धरून पाय नीट पाहावेत, कारण या व्याधीत पायाची जाणीव मंदावते आणि जखम दुखतच नाही.

दुसरी तयारी पायांची. बूट नेहमीच्या मापाहून अर्धा अंक मोठा घ्यावा, कारण चालून चालून पाय सुजतो. निघण्यापूर्वी त्याच बुटाने दीडशे किलोमीटर तरी चालून घ्यावे. मोज्यांचे तीन जोड असावेत व दुपारी विसाव्यास ते बदलावेत. घाम धरून ठेवणारे जाड सुती मोजे टाळावेत. कोठेही चुरचुरले की त्याच क्षणी थांबून तेथे चिकटपट्टी लावावी. पुढच्या गावी पाहू, असे म्हणणाऱ्याचाच फोड फुटतो. चालण्याचा सराव आपल्या वऱ्हाडात उत्तम होतो. श्रावणात गांधीग्रामच्या पूर्णामाईचे पाणी कावडीत घेऊन राजराजेश्वरास वाहणारे आपले अकोलेकर सुमारे अठरा किलोमीटर अनवाणी येतात. आम्ही आठवड्यातून एकदा तेवढेच अंतर, बुटांनिशी व ओझ्यानिशी, चालू लागलो. पुढे परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट दोन दिवसांत चढलो, कारण सपाटीवर चालणाऱ्याच्या गुडघ्यांस उताराची ओळख नसते. शहानूरकडून नरनाळ्याचा किल्लाही चढलो. मात्र मेळघाट हे १९७४ पासून वाघांचे राखीव वन आहे. तेथे वनखात्याने घातलेल्या वेळा व नियम पाळावेत आणि आडवाटेस जाऊ नये. वैशाखात अकोल्याचे ऊन पंचेचाळीस अंशांपलीकडे जाते. त्या महिन्यांत पहाटे चार वाजता निघून नऊच्या आत घरी यावे. पहाटे निघण्याची ही सवय पुढे परिक्रमेतही कामी येते.

तिसरी तयारी ओझ्याची. आमच्या शाळेत मेळघाटातील एक कोरकू पालक मुलास पोहोचवावयास डोंगरातून एक मुक्काम करून पायी येत. त्यांच्यापाशी एक घोंगडी, एक काठी आणि कमरेला बांधलेली शिदोरी एवढेच असे. आम्ही वर्गात त्यांना पाहून मुलांस काटकसरीचा धडा दिला, परंतु स्वतः घेतला नाही. ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक असू नये. आम्ही ताणकाटा आणून प्रत्येक वस्तू त्यावर टांगली. दोन जोड कपडे, एक शाल, एक हलके अंथरूण, पावसाचे मेणकापड, लोटा व ताटली, लहान विजेरी, सुईदोरा, औषधे, क्षारसंजीवनीच्या पुड्या, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, आणि संकल्पाच्या वेळी भरून घ्यावयाच्या नर्मदाजलाची कुपी, एवढे मिळून सहा किलो झाले. ज्या वस्तूपुढे ‘कदाचित लागेल’ असे आम्ही लिहिले होते ती घरीच राहिली, आणि त्यांतील एकीचीही पुढे आठवण झाली नाही.

चौथी तयारी घराची. निवृत्तिवेतनधारकांनी एक गोष्ट विसरू नये. आपला हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, आणि परिक्रमा नेमकी तेव्हाच सुरू होते. आपण जिवंत असल्याचे बँकेस कळवून मगच घर सोडावे. मृत्युपत्र करून ठेवावे. त्यात अशुभ काही नाही. शेताची, भाड्याची, विम्याची कागदपत्रे कोठे आहेत हे पत्नीस व मुलांस दाखवून ठेवावे. दर दोन दिवसांनी घरी दूरध्वनी करावा, आणि तो करताना खरे सांगावे. पाय दुखत असता ‘सर्व उत्तम’ म्हणणे हा आम्ही पूर्वी केलेला अपराध आहे.

पाचवी तयारी हात पुढे करण्याची. ही सर्वांत कठीण. नर्मदातीरी परिक्रमावासीयास सदाव्रत मिळते. पीठ, डाळ, तांदूळ, मीठ अशी कोरडी शिधा वा तयार अन्न लोक श्रद्धेने देतात. आपल्या ज्ञातीत दारी आलेल्यास देण्याचे वळण आहे, घेण्याचे नाही. पहिल्या खेपेस आम्ही प्रत्येक घासाचे पैसे काढून दिले व त्याचा अभिमान बाळगला. दुसऱ्या खेपेस शूलपाणीच्या झाडीतून, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातील धडगावकडच्या डोंगरांतून जात असता एका आदिवासी घरी रात्र झाली. याच झाडीविषयी जुने लोक सांगत की, येथे यात्रेकरूचे वस्त्रही लुटून घेतात. सरदार सरोवराच्या पाण्याखाली या भागातील पुष्कळ शेतजमीन गेली, आणि त्या घराचीही गेली होती. त्यांनी ज्वारीची भाकरी, मिरचीची चटणी व निजावयास एकुलती एक बाज दिली. सकाळी आम्ही शंभराची नोट पुढे केली तेव्हा घरधन्याने ती पाहिली आणि नुसता हसून नमस्कार केला. आम्ही नोट खिशात घातली. चाळीस वर्षे इतरांस दोन शब्द शिकविणाऱ्यास त्या सकाळी बोलावयास शब्द सापडला नाही. म्हणून निघण्यापूर्वी आपल्याच गावी, ओळखीच्या घरी जाऊन, एकदा तरी पाण्याचा तांब्या व भाकरी मागून पाहावी. जीभ किती जड होते ते तेव्हाच कळते.

आता सहावी व शेवटची तयारी, आणि तिच्याविषयी आम्ही मंडळासच विनंती करणार आहोत. ती म्हणजे परत फिरण्याची तयारी.

डॉक्टरांनी आम्हांस सलग चार-पाच महिने चालण्यास स्पष्ट नकार दिला. टप्प्याटप्प्याने, मध्ये तपासणी करून चालावयाचे असेल तर संमती दिली. याला खंड परिक्रमा म्हणतात, आणि तीही रूढ आहे. परंतु ‘खंड’ हा शब्द आमच्या मनास फार दिवस टोचत होता. एका आप्तांनी विचारलेच, “मास्तर, हप्त्याहप्त्याने पुण्य मिळते काय?” २०१९ साल सरावात गेले, पुढची दोन वर्षे महामारीत गेली, आणि त्या काळात तो शब्द हळूहळू बोथट झाला. शिवाय नकाशा पुढे घेऊन बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली, ती आपणां वऱ्हाडवासीयांस उपयोगी आहे. आपला प्रदेश नर्मदेच्या दक्षिणेस असल्यामुळे तिन्ही टप्प्यांत नदी न ओलांडता घरी येता-जाता येते. पहिला टप्पा ओंकारेश्वर ते समुद्र. तेथून दक्षिण तीरावरील अंकलेश्वरास येऊन सुरत, भुसावळमार्गे अकोला. दुसऱ्या टप्प्यास त्याच वाटेने परत जाऊन नाव धरावी. भरतीची वेळ पाहून ती सुटते, म्हणून दोन दिवस हाताशी ठेवावेत. मग उत्तर तीराने अमरकंटक, उगमास वळसा घालून पेंड्रा रोड स्थानक, आणि बिलासपूर, नागपूरमार्गे बडनेरा. तिसरा टप्पा अमरकंटकाहून दक्षिण तीराने ओंकारेश्वर. २०२२ च्या हिवाळ्यात आम्ही एकोणचाळीस दिवस चाललो, २०२३ च्या हिवाळ्यात एकाहत्तर दिवस, आणि २०२४ च्या डिसेंबरात निघून अठ्ठेचाळीस दिवस. शेवटच्या टप्प्यात सौभाग्यवती बरोबर होत्या. रोज सायंकाळी आरसा त्याच धरीत. परिक्रमेच्या ओघात बेटावरील ओंकारेश्वराचे दर्शन वर्ज्य असते. २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयतांनी पूल ओलांडून ते कुपीतले जल देवास वाहिले.

तेव्हा मंडळास आमची विनंती अशी. या नऊ मंडळींचा निघण्यापूर्वी सत्कार करू नये. हार, शाल, छायाचित्र, भाषण यांतले काहीही नको. आपल्या प्रेमाविषयी आम्हांस शंका नाही. पण ते हार पुढे गळ्यातून उतरत नाहीत आणि माणसाला परतीच्या गाडीत बसू देत नाहीत. सत्कार करावयाचाच असेल तर पुढील संमेलनात करावा, आणि तो नऊही जणांचा सारखाच करावा. जो पाचशे किलोमीटरांवरून गुडघा धरून परत आला त्याचाही, आणि जो चौथ्याच दिवशी फोड पाहून घरी आला त्याचा तर अवश्य करावा. त्यास ‘का परतलात’ असे कोणी विचारू नये, ‘पाय कसा आहे’ असे विचारावे. मंडळाने आज एवढे वचन दिले तर ही नऊ माणसे आपल्या बुटात रक्त लपविणार नाहीत.

निघणाऱ्यांस शेवटचे इतकेच. येत्या रविवारपासून पहाटे साडेचार वाजता आम्ही राजराजेश्वराच्या देवळापुढे उभे राहू आणि तेथून गांधीग्रामकडे चालू लागू. ज्यांना सराव करावयाचा आहे त्यांनी बूट, पाठपिशवी आणि डॉक्टरांचा कागद घेऊन यावे. घरातील माणसांनाही बरोबर आणावे. त्यांना पुढे चार महिने वाट पाहावयाची आहे, तेव्हा ती वाट कशी असते ते त्यांनीही थोडे चालून पाहावे.

 नर्मदे हर.